तोंड पूर्वेला

नवरात्र आलं की लोकांना घट आठवतात, गरबा आठवतो, उपासाची भगर आठवते. मला खोबरेल तेलाचा वास येतो आणि हातपाय गार पडतात. बाहेर ऑक्टोबरचं ऊन नुसतं भाजत असतं. विचुंब्याच्या बाजूला टॉवरांच्या मधे उरलेल्या दोन-चार खाचरांत भात पिवळं पडायला लागलेलं असतं, झेंडूवाले रस्त्याच्या कडेला ढीग मांडून बसलेले असतात, आणि मी नवीन पनवेलच्या आमच्या जुन्या फ्लॅटमध्ये पंख्याखाली बसून घाबरत असते. कशाला, ते मुलीला सांगितलं तर ती हसते. "आई, बंदूक घरात नाहीये," म्हणते. खरंच नाहीये. पण घाबरायला बंदूक समोरच असावी लागते असं थोडंच आहे?

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. झुरळाला घाबरते, विजेला घाबरते, लिफ्टला घाबरते. हल्ली विमानतळावर उतरणारं विमान गच्चीवरून गेलं तरी माझे हात आपोआप कानांवर जातात. बाबा मला लहानपणापासून 'भागूबाई' म्हणायचे. भित्री भागूबाई. माझं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर राहिलं, घरात मी भागूबाईच झाले. आणि अशा माझ्या नशिबी बाप आला तो रायफली जमवणारा.

बाबांनी आयुष्यात एक चिमणी मारली नाही. एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात त्यांची नोकरी, दिवसभर यंत्रांचे नकाशे काढायचे. त्यांना गोळीबाराचं वेड नव्हतं, यंत्राचं होतं. त्यातही एकाच तऱ्हेच्या यंत्राचं. खाली बोटं अडकवायला कडी असते, ती कडी पुढं ढकलून मागं ओढली की रायफल भरते. या कडीला ते लिव्हर म्हणत. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी अमेरिकेत बनलेल्या अशा रायफली कुठल्या कुठल्या साहेबांबरोबर इकडं आल्या, साहेब गेले, त्या राहिल्या. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या कणगीमागं. बाबा त्यांच्या मागावर असायचे. रविवारी लोक भाजी आणायला जातात तसे ते कधी कर्नाळ्याच्या पायथ्याच्या गावांत, कधी पार अलिबागेकडं जायचे, आणि बहुतेक वेळा रिकाम्या हातानं, पण एखादी गोष्ट घेऊन परत यायचे.

त्यांच्या नादाची आणखी एक खोड होती. त्यांना नेहमीच्या बोअरची रायफल नकोच असायची. ज्या मापाची काडतुसं आता कुणी बनवत नाही, निदान आपल्याकडं मिळत नाहीत, तीच हवी. 'बत्तीस-चाळीस' आणि 'अडतीस-पंचावन्न' अशी त्या मापांची नावं. पहिला आकडा नळीच्या तोंडाचा, दुसरा त्यात पूर्वी किती दारू मावायची त्याचा, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. परवान्यावर तेव्हा तीन शस्त्रं चालायची. त्यातली तिसरी साधी, दुकानात गोळी मिळणारी, आजोबांकडून आलेली होती आणि बाबा तिच्याकडं ढुंकूनही बघत नसत. जीव होता तो या दोघींत.

"दोन वस्तूंना संग्रह म्हणतात होय?" आई विचारायची. "माझ्या दोन सवती म्हणा की सरळ."

"अगं, सवत बोलते तरी. या तर मुक्या आहेत," बाबा म्हणायचे. "गोळीच नाही जिला, ती बंदूक कसली? काठी आहे ती. नक्षीची काठी."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आजही ते कुठूनही कानात वाजतं. भीती वाटली की आमच्या घरात हाच उतारा होता. गोळीच मिळत नाही. मी रडायला लागले की बाबा मला कडेवर घेऊन कपाटाशी न्यायचे, नळीत बोट घालून दाखवायचे. "बघ, भागूबाई. रिकामी." मी बघायचे. आतला अंधार दिसायचा.

अडतीस-पंचावन्न आली तो दिवस मला अंधुक आठवतो. कर्नाळ्याच्या अलीकडच्या एका गावात गोमाजी पाटील म्हणून एक म्हातारे शेतकरी होते. रानडुकरं भाताचा नास करायची म्हणून त्यांच्या वडलांच्या वेळेपासून ती रायफल घरात होती. मुलगा बंदरात नोकरीला लागला, शेत गेलं, आता परवाना कोण सांभाळणार? सगळी सरकारी परवानगी होऊन बाबा ती आणायला गेले तेव्हा मला बरोबर घेऊन गेले होते. अंगणात चटईवर ती आडवी ठेवली होती आणि सगळ्या अंगणाला खोबरेल तेलाचा वास येत होता.

"आमी हिला खोबरेलच घालतो," गोमाजी म्हणाले होते. "घरच्या माडाचा. दुसरा तेल हिला ठावंच नाय. तुमी पन तोच घाला, म्हंजे रुसनार नाय."

"गोळ्या?" बाबांनी विचारलं.

"गोल्या कवाच संपल्या. माजा बाप व्हता तवा व्हत्या. आता नुसती दाखवाला हाय. डुकराला काय कलतंय, गोली हाय का नाय?"

सगळे हसले. मी पण हसले असेन. बाबांनी मात्र ते तेलाचं बोलणं गुरुमंत्रासारखं घेतलं. वस्तू जशी आली तशी ठेवायची, हा त्यांचा धर्मच होता. जुन्या रायफलीचा एक स्क्रू उघडला, खाचेवर एक ओरखडा पडला, की तिचं खरेपण गेलं, असं ते म्हणायचे. म्हणून त्यांनी तिला कधी उघडलं नाही. वरून पुसायची, नळीतून चिंधी फिरवायची, आणि नळीखाली जी दुसरी लांब नळी असते, गोळ्या साठवायची, तिच्यात वर्षातून एकदा दोन थेंब खोबरेल सोडायचं. तिच्या सवयीचं. थंडीत न्हाणीघरातली तेलाची बाटली थिजते हे घरोघरी माहीत असतं. वर्षानुवर्षं पडून राहिलेलं तेल आतल्या आत डिंकासारखं होतं, हेही कुणाला न कळण्यासारखं नव्हतं. पण हे आमच्या डोक्यात आलं नाही. यंत्रांचे नकाशे काढणाऱ्या माणसाच्याही नाही.

आमच्याकडे खंडेनवमीला शस्त्रपूजा असायची, म्हणजे बाबांनीच सुरू केलेली. हॉलमध्ये पाट, पाटावर पांढरं कापड, त्यावर लाकडी ठोकळ्यांच्या खाचेत त्या दोघी. मागचा लाकडी दस्ता बाल्कनीकडं, तोंड पूर्वेला. हळदकुंकू, झेंडू, समई. आरती झाली की घंटेऐवजी लिव्हर वाजवायचा, ही बाबांची स्वतःची रीत. दस्ता जरासा उचलून ते धरायचे, घरातल्या प्रत्येकानं कडी पुढंमागं करायची आणि मग चाप ओढायचा. घोडा खट्‌कन पडायचा. की झाली पूजा. माझा भाऊ सुहास तर दोनदा ओढायचा. शेजारची मुलं रांगेत उभी राहायची. पेढा मिळायचा.

मी मात्र आरती संपता संपता स्वयंपाकघरात पळायचे. तिथं आई असायची. ती कधीच बाहेर येत नसे. गॅस बारीक करायची, झारा हातातच असायचा, आणि हॉलच्या भिंतीला पाठ लावून उभी राहायची. मी तिच्या पोटात तोंड खुपसायचे. ती दोन्ही हात माझ्या डोक्यावर ठेवायची, आणि भिंतीपलीकडून एकेकाचा खट्‌, खट्‌ ऐकू यायचा. तिचं पोट आत-बाहेर होत असायचं. मला वाटायचं, माझ्यासारखीच आहे ही, घाबरट. भिंतीचा आधार घेते. त्या वयात या गोष्टीचा मला फार दिलासा होता.

एकदा, मला आठवतं, आई म्हणाली होती, "तोंड तिकडं बाल्कनीकडं का नाही करत?"

"शस्त्राचं तोंड पूर्वेला," बाबा म्हणाले. "आणि तिकडं केलं काय, इकडं केलं काय? गोळीच नाही तर."

आमच्या फ्लॅटमध्ये पूर्वेला स्वयंपाकघर आहे.

आता त्या वर्षाचं सांगते, ज्यासाठी हे सगळं आठवतंय. माझी मुलगी सई तेव्हा दुसरीत होती. सुहास परदेशी गेलेला, घरात आम्ही चौघंच, कारण सईच्या बाबांची बदली बाहेरगावी होती. नवरात्राच्या तोंडावर परतीचा पाऊस असा झोडपून गेला की कपाटाच्या मागच्या भिंतीला ओल आली. बाबांना गंजाची धास्ती. अष्टमीला ऊन पडलं तसं त्यांनी अडतीस-पंचावन्न बाल्कनीत जाळीच्या आत उन्हात ठेवली आणि स्वतः खुर्ची टाकून दिवसभर तिच्याशेजारी राखण करत बसले. ऑक्टोबरचं ऊन. लोखंडाला हात लावला तर चटका बसत होता. घरभर खोबरेलचा वास सुटला.

"हिला न्हाऊ घालताय की काय?" आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पूजा झाली. आरती झाली. मी चाळिशीला टेकलेली बाई, एका मुलीची आई, आरतीचं शेवटचं कडवं सुरू होताच स्वयंपाकघरात. सवय जात नाही. आई भिंतीला पाठ लावून उभी, हातात झारा, कढईत वडे. मी सिंकपाशी. बाहेर सईचा आवाज, "आजोबा, मी एकटी ओढणार. हात नका धरू."

तो लिव्हर मी जन्मभर भिंतीआडून ऐकला होता. खळक्‌ असा मोकळा, रिकाम्या डब्याचा आवाज. त्या दिवशी तो तसा आला नाही. तोंडात सुपारी धरून माणूस बोलतो ना, तसा जड, भरलेला आला. काय झालं ते मला कळलं नाही. यंत्रातलं मला काही कळत नाही. मला फक्त भीती कळते. मी किंचाळले, "बाबा, थांबा! हात काढ सई, हात काढ!"

सई दचकली आणि तिनं हात सोडला. मी हॉलमध्ये धावले. बाबा चिडले होते. पूजेत किंचाळायचं म्हणजे काय. "काय भागूबाई, म्हातारी व्हायला आलीस तरी?" असं म्हणत, मला आणि सईला पटावं म्हणून, त्यांनी स्वतःच कडी पुढं ढकलली. "बघ, रिकामी..."

ते उडून पाटावर पडलं. पितळेचं, हिरवट पडलेलं, करंगळीएवढं. झेंडूच्या पाकळ्यांतून घरंगळत गेलं आणि समईच्या बुडाशी लागून थांबलं.

सई वाकून उचलायला गेली तर बाबांनी तिचं मनगट इतक्या जोरात धरलं की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग मी पाहिलं, बाबांची नजर रायफलीच्या नळीवरून निघाली, तिच्या तोंडापर्यंत गेली, आणि तिथून सरळ पुढं भिंतीवर. आमच्या आतल्या भिंती जेमतेम चार इंचांच्या, वर प्लॅस्टर. तेवढ्यात आई दारात आली.

"काय झालं?"

तिनं काडतूस पाहिलं. रायफलीकडं पाहिलं. भिंतीकडं पाहिलं.

"जुनं आहे," बाबा म्हणाले. आवाज त्यांचा नव्हता. "फुसकं असेल."

"वडे करपतील," आई म्हणाली आणि आत गेली. आम्हांला वाटलं, तिला काही समजलं नाही. बरंच झालं, असं वाटलं.

गोमाजींच्या बापाची शेवटची गोळी. त्या लांब नळीत, थिजल्या तेलात रुतून, स्प्रिंगला धरून बसलेली. अष्टमीच्या उन्हानं तेल सैल झालं आणि ती सुटली. जिल्ह्यात शोधून मिळाली नसती ती गोळी आमच्याच पाटावर हळदकुंकू घेत होती. मी पेढा खात होते. सुहास दोनदा चाप ओढत होता. एखाद्या वर्षी ऊन थोडं जास्त लागलं असतं तर? मी आजही हा विचार पुरा करू शकत नाही. मधेच उठून पाणी पिते.

मुंबईच्या शस्त्रांच्या दुकानात बाबांनी सगळं रीतसर नेऊन दिलं. तिथल्यांनी रायफल उघडली, साफ केली, काडतूस ठेवून घेतलं. बाबांनी विचारलं, फुटलं असतं का? ते म्हणाले, इतकं जुनं, फुटलंही असतं, नसतंही. फोडल्याशिवाय कसं सांगणार?

या एका उत्तरानं बाबांना कायमचं धरलं. त्यानंतर त्यांनी लिव्हर वाजवला नाही. ते गॅसचं बटण तपासायला लागले, दाराची कडी लागली का बघायला लागले, सई शाळेतून यायला उशीर झाला की कोपऱ्यावर जाऊन उभे राहायला लागले. एकदा दुपारी मी अचानक आले तर ते हॉलच्या त्या भिंतीला बोटाच्या पेरानं ठोकून बघत होते. एका जागी, मग जरा वर, मग खाली. आई आत कणीक मळत होती. मला पाहून ते ओशाळले आणि म्हणाले, "पोपडे धरलेत का बघतोय." मी त्यांना भित्रे भागोजी म्हणू शकले असते. जीभ रेटली नाही. मला माझ्या बापाची फार, फार दया आली.

पुढं कायदा बदलला. तिनाऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येणार. मला वाटलं, आता तरी ही अडतीस-पंचावन्न जाईल. बाबांनी माझ्या आजोबांची साधी रायफल देऊन टाकली आणि हिला ठेवलं. मी खूप भांडले.

"जिची गोळी दुकानात मिळते तिला लोक घाबरतात," बाबा म्हणाले. "सांभाळून राहतात. हिला कुणी घाबरत नाही. उद्या कुणी हौशी माणूस घेईल, हॉलमध्ये मांडेल, आणि म्हणेल, गोळीच नाही तर काठी आहे. माझ्यासारखा. नको. ही इथंच बरी. आता मी हिला घाबरतो ना."

बाबा जाऊन दुसरं नवरात्र. ते गेल्यावर दोघी पोलीस ठाण्यात जमा झाल्या. वारसानं परवाना काढला तर परत मिळतील. सईला त्या हव्या आहेत. ती आता नोकरी करते, पुरातन वस्तूंवर तिचंही प्रेम आहे, आजोबांवर तर होतंच. तिला त्या दिवसातलं मनगट दुखलेलं तेवढं आठवतं. वारसांच्या ना-हरकतीवर सह्या लागतात. सुहासनं तिकडून पाठवली. मी आठवडाभर टाळाटाळ करतेय. मुलीच्या घरात तीच रायफल, तोच पाट, उद्या तिची मुलं. साफ केलेली आहे, उघडून बघितलेली आहे, हे मला माहीत आहे. बाबाही मला बोट घालून दाखवायचेच की.

आज खंडेनवमी. पाट मांडला, त्यावर नुसती समई आणि झेंडू. सई कागद घेऊन स्वयंपाकघरात गेली. आई तिथं प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेली असते हल्ली. तिच्याच्यानं फार वेळ उभं राहवत नाही. मी दारात थांबले.

"आजी, तुझी सही राहिलीय. पुढच्या वर्षी पूजेला घरी असतील दोघी. आजोबांना किती बरं वाटेल."

"आण ना," आई म्हणाली. "त्यांचा जीव होता तिच्यात. मी कशाला नाही म्हणू?" तिनं पेन हातात घेतलं. मग थांबली. "मांडशील कुठं?"

"तिथंच. आजोबा मांडायचे तिथं."

आईनं मान वळवून हॉलच्या भिंतीकडं पाहिलं. रंग दिलाय आम्ही मध्ये, फिकट पिवळा.

"मग या भिंतीशी आता कोण गं उभं राहील?" ती म्हणाली. काळजीनं विचारलं, खरोखरच उत्तर हवं असल्यासारखं. "ही तुझी आई पळत यायची आत. एवढंसं स्वयंपाकघर, कुठं ठेवणार पोरीला? मग मीच पाठ करून उभी राहायचे. तेवढाच आडोसा. आता माझे गुडघे गेले बाई."

सईनं माझ्याकडं पाहिलं. आयुष्यभर मी जिला माझ्यासारखीच घाबरट समजले, तिच्या पोटात तोंड खुपसून जे खट्‌, खट्‌ ऐकलं, त्यातला प्रत्येक तिनं पाठीवर झेलायची तयारी करून ऐकला होता. म्हणून तिचं पोट तसं आत-बाहेर होत होतं.

सईनं आईच्या हातातून पेन काढून घेतलं, हळूच. कागदाची घडी केली.

"कुणी नाही उभं राहायचं, आजी," ती म्हणाली.

"बरं," आई म्हणाली, आणि कढईखालचा गॅस मोठा करायला सांगितला.

बंदूक घरात नव्हती. तरी मी आत गेले आणि आईच्या खुर्चीमागं, तिच्या आणि भिंतीच्या मध्ये, भिंतीला पाठ लावून उभी राहिले.